पाय जमिनीवर, श्वास पोटात

…आणि वर मला म्हणतात काय, तर तळपायांकडे लक्ष द्या! अहो, तळपायांकडे! इतकी वर्षं हे तळपाय माझ्याच अंगाला लागलेत, मी त्यांच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही, त्यांनी कधी तक्रार केली नाही, आमचं बरं चाललं होतं. आता ह्या श्वासवाल्या बाई म्हणतात, "माणसांत गेल्यावर तुम्हाला चढतं ना, तेव्हा पाय जमिनीला कुठे कुठे टेकलेत ते जाणवून घ्या. मग तीन श्वास. सावकाश. आणि मग बोला. पाय जमिनीवर, श्वास पोटात." हे सगळं अशा आवाजात, की ऐकता ऐकता माझा डोळाच लागायचा.

चढतं म्हणजे, गैरसमज नको, मी पीत नाही. मला माणसं चढतात. तुम्हाला सांगतो, मी दातांच्या लॅबमध्ये कामाला आहे. कवळ्या बनवतो. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे येतात, त्यावर मेण चढवायचं, दात बसवायचे, घासायचं, चकचकीत करून डबीत घालून परत पाठवायचं. दिवसभर माझ्यासमोर टेबलावर पाच-सहा तोंडं उघडी असतात आणि त्यातलं एकही बोलत नाही! संध्याकाळी घरी यायचं, कुलूप काढायचं, आपणच "आलो गं" म्हणायचं आणि आपणच "बस, पाणी आणते" म्हणायचं. लग्न? राहिलं. का राहिलं ते सांगत बसलो तर विषयच राहील.

तर असा पंधरा-पंधरा दिवस मुका राहिलेला माणूस चार माणसांत नेऊन सोडला की काय होणार? नळाचं पाणी गेलेलं असतं, तोटी उघडीच राहते, आणि मग पाणी येतं तेव्हा आधी कसं फसफसतं, थुंकतं, आणि मग धो धो… तसा मी! ह्याला टाळी दे, त्याच्या पाठीत थाप मार, ज्याला आयुष्यात पहिल्यांदा भेटलोय त्याला "या की रविवारी घरी जेवायला, सगळेच या!" आणि घरी आलो की उतरते. उतरते म्हणजे काय, साफ! पलंगावर पडायचं आणि बोललेलं एकेक वाक्य चघळायचं. असं का बोललो? त्या बाई हसल्या त्या खरंच हसल्या, की सुटका करून घ्यायला हसल्या? आणि रविवारी ते सगळेच खरंच आले तर? आले होते हो एकदा! मी आतून दिवा घालवून, पंखा बंद करून, दाराला पाठ लावून उभा. बाहेर त्यांची मुलगी विचारतेय, "बाबा, हे काका वारले का?" आणि तो गृहस्थ म्हणतो, "हळू बोल, आत असतील."

मग पुढचे कित्येक दिवस कुणाला तोंड दाखवायचं नाही. समोरच्या काकू जिना उतरून दिसेनाशा होईपर्यंत मी दाराच्या भोकाला डोळा लावून! त्या एकदा पिशवी विसरल्या म्हणून परत आल्या, तर मी अर्धा बाहेर, अर्धा आत. "निघालात?" म्हणाल्या. म्हटलं, "नाही, आलोय." आणि दार लावून घेतलं. कामावर उशीर झाला तो झालाच.

पण हे सगळं एक वेळ चाललं असतं. दाजींच्या निरोप समारंभात जे झालं ते मात्र…

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे मिस्टर. कचेरीतून निवृत्त होत होते. मोठा हॉल, हारतुरे, साहेब लोक, आणि कुणी तरी, त्याचं कल्याण होवो, माइक माझ्या हातात दिला. "मेव्हण्यांनी दोन शब्द बोलावेत." दोन! मला! मला आधीच दोनशे माणसं चढलेली. हसले हो लोक, पहिल्याच वाक्याला हसले, आणि ते हसल्यावर मी काय थांबतोय? बोलता बोलता दाजींकडे हात करून मी म्हणालो, "साहेबांच्या ज्या हसण्यावर तुम्ही सगळे इतकी वर्षं फिदा आहात ना, ते हसू माझ्या हातचं आहे! वरचे पुढचे सहा! रंग मी स्वतः जुळवलाय!"

दाजींनी तोंड मिटलं ते मिटलं. फोटोत बघा, सगळे हसतायत, आणि मधोमध हार घालून दाजी असे, ओठ शिवल्यासारखे.

झालं! घरी आलो आणि मी ताईचा फोन घेणंच बंद केलं. वाजायचा, मी बघत बसायचो. "कामात आहे", "नंतर करतो", "आज जरा तब्येत"… ताईचे फोन आधी रोज, मग आठवड्याने, मग सणासमारंभाला, आणि शेवटी हा निरोप आला: "रविवारी मला साठ पूर्ण होतायत. येणार असलास तर ये. नसलास तर तसं सांग, म्हणजे मी वाट बघणार नाही."

वाट बघणार नाही! तुम्हाला सांगतो, ते वाचलं आणि हातातला दात खाली पडला. आई गेली, बाबा गेले, ह्या जगात माझी वाट बघणारं एवढं एकच माणूस उरलंय, आणि तेही आता आवरतं घेतंय. म्हणून गेलो त्या श्वासवाल्या बाईंकडे. म्हटलं, बाई, मला फक्त रविवारची दुपार पार पाडून द्या. जास्त चढू नये आणि पळूनही जाऊ नये, ह्याच्या मधलं काही असेल तर ते द्या. त्या म्हणाल्या, "मधलंच तर आहे सगळं. पाय जमिनीवर, श्वास पोटात."

सराव केला हो मी! दात घासताना श्वास, मेण वितळताना श्वास, आंघोळीला तळपाय. काकूंना जिन्यात मुद्दाम सामोरा गेलो, तीन श्वास घेतले आणि म्हणालो, "नमस्कार." काकू म्हणाल्या, "पाणी देऊ का? बसा जरा पायरीवर."

आणि रविवारी पोचलो. दार ताईनेच उघडलं. आधी माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. आता इथेच माझी तोटी सुटायची, घशापर्यंत आलं होतं सगळं… पण नाही! पाय जमिनीवर, श्वास पोटात. मी म्हणालो, "वाढदिवसाच्या शुभेच्छा." ती म्हणाली, "अरे, आत तर ये."

आत पंधरा-वीस माणसं. मी कोपऱ्यातली खुर्ची धरली. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "काय हो, तुमच्याकडे पाणी कसं येतं?" आता तीन श्वास म्हणजे किती वेळ लागतो, कल्पना आहे तुम्हाला? पहिल्या श्वासात ते पाण्यावरून रस्त्यावर गेले, दुसऱ्यात रस्त्यावरून पेट्रोलवर, तिसरा सोडेपर्यंत पलीकडच्या मावशींना कुणी तरी विचारत होतं की नवे जावई कसे आहेत, आणि मी शांतपणे म्हणालो, "सुरुवातीला गढूळ असतं, थोडा वेळ जाऊ दिला की बरं होतं." मावशी इतक्या गंभीर झाल्या! म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

बरं, बाईंची दुसरी शिकवण अशी, की मन भरकटलं तर समोरच्याच्या चेहऱ्याकडे पूर्ण लक्ष द्या. पूर्ण! आता माझा धंदा काय? माझं लक्ष चेहऱ्यावर कुठे जाणार? मावशी बोलतायत आणि मी मन लावून बघतोय… वरची डावी दाढ, काम घाईत केलंय, कुणी केलंय कोण जाणे. मावशींनी हळूच तोंडावर रुमाल धरला. मी पुढच्या माणसाकडे वळलो, त्याने तोंडावर हात धरला. थोड्या वेळाने बघतो तर अख्खा सोफा तोंडावर हात ठेवून बसलेला, कुणी तरी वाईट बातमी आणल्यासारखा!

तेव्हा मात्र वाटलं, पळावं. उठलो आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावली. खिडकी होती हो. पहिला मजला. मी अंदाजही घेतला. मग आठवलं, ती वाट बघणार नाही म्हणाली होती. मोजे काढले, गार फरशीवर पाय टेकवले आणि उभा राहिलो. बाहेरून ठकठक. "कोण आहे?" मी तीन श्वास घेतले. पुन्हा ठकठक. "अहो, कोण आहे आत?" म्हटलं, "मीच." आणि कडी काढून परत जाऊन त्याच खुर्चीवर बसलो. तुम्हाला हे काहीच वाटणार नाही. मला विचारा!

दाजी समोरच होते. केक खात होते, एकाच बाजूने. माझ्या कानाला कळलं, मी बनवलेली वरच्या दातांची पट्टी सैल झालीय, टिकटिक वाजतेय. वर्षभर माझ्याकडे आले नाहीत आणि दुसऱ्या कुणाकडेही गेले नाहीत. जिभेवर आलं होतं, "दाजी, काढा, आत्ता बसवून देतो!" सगळ्यांसमोर! पण नाही. पाय जमिनीवर, श्वास पोटात. एक शब्द बोललो नाही. गाणी झाली, फोटो झाले, माइकही फिरला, माझ्यापाशी आला तेव्हा मी तो पुढे दिला. माइक! पुढे दिला! मीच मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

निघताना ताई दारापर्यंत आली. हातात डबा. म्हटलं, आता म्हणेल, सुधारलास रे बाबा. ती म्हणाली, "बरं नाहीये का तुला?"

"नाही गं, छान आहे. का?"

"काही बोलला नाहीस."

"मुद्दाम. मागच्या वेळी दाजींना किती…"

"तेच सांगतेय," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "हे निवृत्त झाले तेव्हापासून घरात बोलतच नाहीत. सकाळचं वर्तमानपत्र, संध्याकाळी खिडकी. पण तुझा विषय निघाला की कसे फुलायचे! 'तुझ्या त्या भावाला अक्कल आहे का? माझे दात काढतो चारचौघांत?' जेवताना सुरू व्हायचे ते हात धुवेपर्यंत. वर्षभर पुरलास तू आम्हाला. मला वाटलं, आज येशील, आणखी काही तरी बोलशील, पुढच्या वर्षाची सोय होईल. आणि तू हा असा! मघाशी आत मला म्हणाले, 'सुधारला गं तो. जाऊ दे, माफ केलं.'" तिने डबा माझ्या हातात दिला. "आता मी काय करू, सांग."

मी तीन श्वास घेतले. तिच्याकडे बघत घेतले. आणि पहिल्यांदाच तिच्या दातांकडे लक्ष गेलं नाही, डोळ्यांकडे गेलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा खरोखर गरज होती आणि एक शब्द नव्हता! "पुढच्या रविवारी येतो," म्हटलं. ती म्हणाली, "ये. मी वाट बघते."

म्हणजे झालं ना काम? झालं. मी गेलो होतो त्यासाठीच ना? त्यासाठीच. मग जिना उतरताना दोनदा वळून वर का बघितलं, ते मात्र त्या श्वासवाल्या बाईंनी शिकवलेलं नाही. ताई वर एकटी, मी खाली एकटा, दाजी त्यांच्या खिडकीत, आणि आम्ही तिघंही आता अगदी व्यवस्थित.

अरे बापरे… किती बोललो मी! तुम्ही बसलात, ऐकलंत, दोन-तीनदा हसलातसुद्धा, आणि मला चढलं हो पुन्हा, श्वास राहिला, पाय राहिले, सगळंच राहिलं. आता घरी जाईन आणि तुमच्यातलं कोण खरं हसलं, कोण सुटका करून घ्यायला हसलं, ते चघळत बसेन. म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. उद्या रस्त्यात भेटलात आणि मी मान खाली घालून पलीकडच्या बाजूला गेलो, तर राग मानू नका. तुमचं काहीही चुकलेलं नसेल. तुम्ही मला फार आवडलात, एवढंच.