बॅलेच्या सरावासाठी हॉल

विषय : नात सई हिला बॅलेच्या इंटरमीजिएट परीक्षेच्या सरावासाठी सोसायटीचा हॉल मिळणेबाबत.

तर झालं असं. बॅले म्हणजे पायाच्या अंगठ्यांवर उभं राहून करायचा विलायती नाच. परीक्षा तोंडावर आलेली आणि सईने घरात एक उडी मारली की खालच्या मजल्यावरून तक्रार येई. म्हणून मी अर्ज दिला. इंग्रजीत दिला, कारण आमच्या चिखलीच्या सोसायटीत मराठी अर्ज कोणी मनावर घेत नाही.

दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरी बाळूशेठ घाम पुसत घरी आले. इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे, त्यामुळे सेक्रेटरीपदही त्यांना वडिलोपार्जित वाटतं.

"काका, आमचं काय चुकलं? एकदम बॅलेट मागितलं?"

"बॅले. शेवटचा टी म्हणायचा नसतो."

"लिवलाय की तुमी! गुप्त मतदान पायजे म्हणा सरळ. कोन उभं ऱ्हातंय?"

"सई. अंगठ्यावर."

"आँ? निशाणी बी ठरली व्हय?"

मी सईला हाक मारली. ओट्याला धरून ती अंगठ्यांवर उभी राहिली आणि तिने एक पाय अलगद मागे उचलला. बाळूशेठ बघतच राहिले. मग हाशहुश करत खुर्चीत बसले.

"नाच हाय व्हय! मला वाटलं इलेक्शन लागलं." त्यांनी खिशातून हॉलची चावीच काढून दिली. "नाच गं पोरी, पायजे तेवढं नाच."

सईचा सराव हॉलमध्ये रोज चालू आहे. अर्ज कमिटीच्या विचाराधीन असून निर्णय अद्याप प्रलंबित आहे.