खाली शांग आहेत

विषय: मौजे शीवान येथे मुलांसाठी एका खोलीचं वाचनालय बांधण्यास परवानगी मिळणेबाबत. संदर्भ: माझा दोन वर्षं सात महिन्यांपूर्वीचा अर्ज, त्यानंतरची अकरा स्मरणपत्रं, आणि मेंढीचं एक हाड.

हाडाकडे येतोच, पण आधी अर्ज... तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं धान्य कचेरीत दुसऱ्यांच्या अर्जांना क्रमांक देण्यात गेली, आणि स्वतःचा पहिला अर्ज केला तो निवृत्त झाल्यावर, तोही कशासाठी, तर चार भिंती, एक कपाट आणि बसायला बाकं! राजवाडा मागितला नव्हता हो. राजवाडा खाली आहेच.

तीच तर गोम आहे. या ह्वान नदीकाठी कुदळ मारायची सोय नाही. खाली शांग आहेत. तीन हजार वर्षांपूर्वीचं राजघराणं, सगळं लवाजम्यासकट झोपलेलं. ज्यिन आजीला संडास बांधायचा होता, खाली शांग. आमच्या गावचे सचिव गाओ, त्यांना डुकरांचा गोठा वाढवायचा होता, खाली शांग. आधी पुरावशेष कार्यालयाची माणसं येणार, लांब नळीचं फावडं जमिनीत खुपसून माती हुंगणार, आणि माती हुंगून झाली की फाईल झोपणार. शांगांच्या शेजारी.

बरं, मला वाचनालय हवं कशाला? तर गावची शाळा बंद पडली, आईबाप दक्षिणेकडे कारखान्यांत, पोरं आज्यांच्या गळ्यात. म्हटलं, चित्रांची पुस्तकं आणू, प्राचीन संस्कृती शिकवू, आपलेच पूर्वज आहेत, अगदी पायाखालचे! म्हाताऱ्यांच्या सोंगट्या खेळायच्या खोलीत बसायला लागलो. चौदा मुलं आली. मी पहिलं पान उघडलं, मुकुटवाला राजा दाखवला, तर मागून एक आवाज, "हेच ना आमचा संडास अडवणारे?" आता याला काय इतिहास शिकवणार? दोन महिन्यांत चौदाची चार झाली. त्यात ती खोलीही पार्सल ठेवायला द्यायची ठरली, हिवाळ्याच्या आधी रिकामी करा म्हणाले. म्हणजे परवानगी आली तर वर्ग, नाहीतर चार पोरंही गेली.

त्या चारांत ज्यिन आजीची नात शाओमान, सात वर्षांची, तिला मात्र पुस्तक आवडलं. राजा जनावराच्या खांद्याच्या हाडावर प्रश्न कोरतो, पाऊस पडेल का, माझी दाढ का दुखते... मग हाड तापवतात, त्याला तडा जातो, तडा बघून राजा उत्तर सांगतो, पुढे खरंच काय घडलं तेही त्याच हाडावर कोरतात, आणि हाड खड्ड्यात पुरतात. शाओमाननं विचारलं, राजाला उत्तर किती दिवसांनी मिळायचं? म्हटलं, लगेच.

"मग शेन आजोबा, तुम्ही कागदावर कशाला लिहिता?"

एकतीस वर्षांत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी हसलो. तेच चुकलं.

कारण यंदा, तुम्हाला सांगतो, चमत्कार झाला. कार्यालयाची माणसं खरंच आली! चष्मा लावलेली एक तरुण तपासनीस बाई, दोन मजूर, चार दिवस खोदकाम, आणि खाली काय? काही नाही! निव्वळ माती! अख्ख्या गावात शांगांनी एवढाच तुकडा मोकळा सोडलेला. सचिव मला म्हणाले, शेनभाऊ, उद्या दुपारी सही, भिंतींना रंग कोणता ते ठरवून ठेव. मी निळा ठरवला.

दुसऱ्या दिवशी शेवटचा कोपरा खोदला, आणि हातभर खोलीवर निघालं हाड. मेंढीच्या खांद्याचं, भाजलेलं, तडा गेलेलं, आणि त्यावर खिळ्यानं कोरलेलं: वाचनालय होईल का?

मी शाओमानकडे बघितलं. शाओमाननं आकाशाकडे. ज्यिन आजी कुंपणाबाहेरून म्हणाली, "माझं दुसऱ्या रश्श्याला ठेवलेलं हाड ते! शेन, तुला कुणी सांगितलं होतं गं बाई पोरांना शहाणं करायला?" मला, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, गं बाई!

मी तपासनीस बाईंना हात जोडले. म्हटलं, अक्षर तर बघा, शाळेतल्या वहीतलं आहे, पंधरा दिवसांपूर्वीचं.

"आजोबा, ते मलाही कळतंय," ती म्हणाली. "पण कोरलेलं हाड निघालं की नोंद करावी लागते. नोंद झाली की ते प्रांताकडे जातं. ते जुनं नाही, हे तिकडून लेखी यावं लागतं."

आणि तुम्हाला सांगतो, मी वाद घातला नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. क्रमांकसुद्धा सुबक अक्षरात घातलाय तिनं.

सोंगट्यांच्या खोलीत आता पार्सलं आहेत. मी गावच्या पाण्याच्या पंपाच्या पायरीवर बसतो, थंडीमुळे तिघं यायची बंद झाली, शाओमान येते. तडा कसा गेला होता, मी तिला विचारलं. शुभ, म्हणाली, अगदी पुस्तकातल्यासारखा. पुढे काय घडलं ते कोरायला खाली जागाही सोडलीय तिनं.

जागा रिकामी आहे. हाड प्रांताकडे आहे. अर्ज प्रलंबित आहे.