औषधाला पाण्यात लागणारी जागा

अहो नको, त्या खटक्याला हात लावू नका — थांबा ना काका! वायर बदलायची तर बदला, मी कुठं नाही म्हणते, पण आत्ता वीज गेली तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडेल. हे यंत्र बघताय? आत बारीक काचेची नळी आहे, तिच्यात औषधाचं पाणी भरलंय. नळी थरथरते, त्यावरून कळतं पाणी किती जड आहे ते. कुठलं औषध? दात काढताना हिरडीत टोचतात ना, जागा बधिर करणारं — तेच. ते विरघळलं की पाण्यात किती जागा अडवतं, तापवलं की किती, हे मोजायचं. गार पाणी त्याला आवळून धरतं, ऊब लागली की पकड सैल. आता अंगाएवढी ऊब आणलीय, तीच तर मोलाची — हसू नका हो.

फोन? वाजू दे. भावाचा आहे. सकाळपासून करतोय. बाबांचं ऑपरेशन आहे आज, समोरच्याच इमारतीत. पाय काढणार आहेत. गुडघ्याखालून. साखर आहे ना, जखम चिघळली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले, दादा रिपोर्टचे कागद चाळत बसलेला — मग मीच म्हटलं, काढा. कुणीतरी म्हणायला हवं होतं ना? हवं होतं ना, काका? तेव्हापासून बाबा माझ्याशी बोललेले नाहीत. आणि पूर्ण भूल देणार नाहीत, हृदय नाजूक आहे — कमरेखालचं तेवढं बधिर. म्हणजे जागे असणार. करवतीचा आवाज ऐकणार. तो कुठल्या औषधानं थांबतो? इथं निदान आकडा तरी येतो. एवढं तापमान स्थिरावू द्या, मग जातेच — नाही, खोटं कशाला बोलू, मग पुढचं तापमान लावणार होते.

पुन्हा तोच. हॅलो — दादा, मी कामात — काय? न्यायला आलेत आणि बाबा पलंगाचा कठडा सोडत नाहीत? काय म्हणतायत? "ती कुठंय?" रागानं म्हणाले का? खरं सांग... रडतायत? बाबा? दे, फोन दे त्यांना. दे ना! — बाबा, मी... बाबा, आले मी. आत येते तुमच्याबरोबर. विचारते डॉक्टरांना, पाया पडते त्यांच्या. डोक्याशी बसते, अखंड बडबडते, दुसरं काही कानावर पडू देत नाही तुमच्या. आले, धावतच आले.

अहो, बघत काय उभे राहिलात? दार सोडा!