झिपरूकाका आमच्यात नव्हतेच

...आणि वर मलाच म्हणतात, घरच्यांना कसले प्रश्न विचारतोस! अहो, सिल्वासात इतकी वर्षं बातमीदारी केली, कारखानदारांना विचारलं, कलेक्टरला विचारलं, त्यांनी निदान खोटं तरी वेगवेगळं सांगितलं... पण नातेवाईक? तुम्हाला सांगतो, एकच उत्तर. "आमच्यात असं कुणी नाही."

आमचा कल्पेश सहा वर्षांचा. बोलत नाही, नजर देत नाही, दिवसभर ताटली फिरवतो. मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला ऑटिझम म्हणतात, आई शाळेत नोकरी करते म्हणून होत नाही, पुष्कळदा घराण्यातून येतं. दुसऱ्या मुलाचा विचार करताय ना, मग दोन्हीकडे चौकशी करा. बायकोला, लीलाला, दुसरं मूल हवंय, पण आधी खरं कळायला हवं. झालं, लागलो कामाला.

सासूबाईंना चिपळूणला एसटीडी लावला. "जावईबापू, आमच्यात असं कुणी नाही हो. तुमच्याकडचंच असणार." आणि कल्पेशचं नाक? ते त्यांचं. रंगही त्यांचाच.

मग अमळनेरला आक्काबाई आत्याकडे. म्हटलं, आत्या, आपले झिपरूकाका जन्मात कुणाशी बोलले नाहीत, ओसरीवर बसून झाकण फिरवायचे, आठवतं? "तो देवमाणूस होता रे, भाऊ." बरं, तुझा नातू, हाक मारली तरी ओ न देणारा? "तो लाजाळू." आणि आपल्यातलाच धुळ्याचा तो, एसटीचं वेळापत्रक पाठ म्हणणारा? "तो हुशार. तू चहा घे. आमच्यात असं कुणी नाही." म्हणजे एक देवमाणूस, एक लाजाळू, एक हुशार... आणि वेगळा काय तो माझाच पोरगा?

शेवटी सख्खा भाऊ सुकदेव, इथेच सिल्वासात, आमलीत. त्याच्या मुलीला बघायला पाहुणे आलेले. मी दारात चपला काढतोय, आतून पाहुणे विचारताहेत, "घराण्यात काही... तसलं?" आणि कल्पेशच्या बारशाला अख्ख्या चाळीत पेढे वाटलेला माझा सुकदेव खणखणीत आवाजात म्हणाला, "आमच्यात असं कुणी नाही."

मी चपला पुन्हा घातल्या. काय करणार? पोरीचं लग्न आहे.

डोकमर्डीला घरी आलो. हल्ली आमच्याकडे येतंय कोण म्हणा... कल्पेश ताटली फिरवत होता, मान तिरकी करून, हुबेहूब झिपरूकाका. शेजारी बसलो. त्यानं बघितलं नाही, पण थोडं सरकून मला जागा करून दिली.

लीला म्हणाली, "डॉक्टरांना काय सांगायचं?"

म्हटलं, "आम्ही छापतो तेच सांग. वारंवार संपर्क साधूनही प्रतिक्रियेसाठी कुटुंबातील कुणीही उपलब्ध होऊ शकले नाही."