गिरणीवरचा डबा

चौऱ्याहत्तर साल. सोलापूरच्या स्टँडवर दुधनीच्या गाडीची रांग. माझ्यापुढं खांद्यावर गिरणीचा पट्टा घेतलेला म्हातारा, त्याच्यापुढं त्याच्याच गावची बाई.

“कुंडलिकमामा, पट्टा घिऊन कुटं?”

“गावाकडं. गिरणी चालू करतो.”

“दुष्काळात गाव मोकळं झालं. दळण कोण आणंल? उंदरं?”

“पाऊस झालाय की. मानसं येतील माघारी.”

“सरकारबी असंच म्हणतं, खुर्चीत बसून.”

“मी खुर्चीत न्हाय बसत, बजा. इंजनाच्या धुराच्या नळीवर डबा पालथा घालतो. पुक्‌पुक् आवाज चार वस्त्यांवर जातो. गाव जित्तं हाय, हे कळंल तरी.”

“रिकामीच फिरवणार?”

“तीच पंचाईत. रिकामी फिरवली तर दगड दगडाला खातो. तू का निघालीस?”

“घराचं दार काढून आणाय. हितं झोपडीला दार न्हाय.”

“दार काढलंस तर परत कशाला येशील गं?”

 गाडी आली. रेटारेटीत रांगेतून बाजूला होत बाईनं आपली पिशवी म्हाताऱ्याच्या हातात कोंबली.

“रेशनची जवारी हाय. पयलं दळण माजं.”

“आन् दार?”

“ऱ्हाऊ दे तितंच. डबा मोठा बगा, मामा. सोलापुरात ऐकू आला पायजे.”