वहीतली शिंदी

हसू नका, पण निजामाच्या राज्यात चित्रातल्या झाडालाही नंबर लागायचा. माझ्याच वहीत लागलाय.

तेव्हा मला पानं-पाखरं रंगवायचा नाद होता. एकदा धावड्याच्या ओढ्याकाठी सुगरणीच्या खोप्यासकट शिंदीचं झाड रंगवत बसलो होतो. शिंदीची दारू निघते, म्हणून ती झाडं सरकारची. प्रत्येक झाडावर अबकारीचा नंबर पाहिजे. मागून अबकारीचा जमादार आला आणि त्यानं वहीच ओढली.

“ह्या झाडाचा नंबर कुठंय?”

“जमादारसाहेब, चित्र हाय ते.”

“चित्र असलं तरी शिंदीच ना? वही जप्त!”

दोन वर्षांची पाखरं होती तीत.  हळूच म्हणालो, “साहेब, खऱ्या झाडावरच नंबर न्हाई. मंग मी कुठून काढू?”

त्यानं झाडाकडं बघितलं. ऊन नको म्हणून हा चावडीत बसूनच झाडांचे नंबर दप्तरात लिहायचा. आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे वरचे साहेब, दारोगा, तपासणीला येणार होते.

“काढ जल्दी. चोवीस.”

“झाडावर?”

“झाडावर कशाला? वहीत काढ!”

काढला. दुसऱ्या दिवशी दारोगा आले. त्यांनाही ऊन सोसेना. जमादारानं चावडीतच माझी वही पुढं केली. “बिलकुल बराबर,” म्हणत त्यांनी पानावर शिक्का मारला आणि तपासणी संपली. वही मला परत मिळाली.

ते पान अजून आहे. शिक्का नेमका खोप्यावर बसलाय. ओढ्याकाठचं झाड मात्र पडेपर्यंत बिननंबरीच राहिलं.