जाणाऱ्याची मूठ

माझं गाव एरंडोलहून पद्मालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घर दोन खोल्यांचं, घरात आई आणि मी. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, मी चार-पाच वर्षांची असताना एका दुपारी भुसावळला कामाची चौकशी करायला म्हणून गेले ते परत आले नाहीत. शोधाशोध झाली, पोलिसांत कळवलं, भाऊबंद स्टेशनात फोटो घेऊन फिरले, मग सगळे आपापल्या कामाला लागले. आईने कुंकू पुसलं नाही. रडलीही नाही फार. रोज दिवेलागणीला उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या ठेवायची, आलेल्या माणसाला आधी पाणी लागतं, एवढंच म्हणायची. सकाळी तांब्यातलं पाणी थोडं कमी झालेलं असायचं. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, मला त्यात काही वाटलं नाही, खान्देशातलं ऊन तुम्हाला माहीत आहे, पाणी उडतंच.

आणि कानबाई. तुमच्याकडे नसेल, म्हणून सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, नारळाला नथ, डोळे, लुगडं सगळं करतात, आणि तिच्या नैवेद्याचे रोट होतात. रोटाच्या गव्हाची रीत अशी की घरातल्या प्रत्येक पुरुषमाणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, गिरणीवालाही त्या दिवशी जातं धुऊनपुसून ठेवतो, त्या पिठात दुसरं पीठ मिसळू देत नाहीत. रोट खायचे ते फक्त घरच्यांनी. पाहुण्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या मुलीलाही नाही. उरलं तर पुनवेच्या आत संपवायचं नाहीतर मातीत पुरायचं, पण घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. आमच्या घरात पुरुषमाणूस नाही, तरी आई दरवर्षी वडिलांच्या नावाची मूठ घ्यायची. जाणाऱ्याची मूठ लेवानीच पडस, म्हणायची, ना तं त्याले घर सापडत नही.

मी शिकले. जळगावला कॉलेज, मग पुढचं शिक्षण, विषय वनस्पतींचे रोग. आमच्या भागात केळी, म्हणून केळीचे रोग. त्यातूनच सरकारी शिष्यवृत्ती मिळाली झेकोस्लोव्हाकियाला जायची, साधारण सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. शेजारी नाना होते, एसटीतले निवृत्त कंडक्टर, ते म्हणाले, पोरी, तिकडे केळी होत नाही म्हणतात, मग केळीचा रोग शिकायला तिकडे कशाला, रोगाला तरी व्हिसा मिळाला का. सगळी गल्ली हसली. आई हसली नाही. किती दिवसांनी निघनं शे, एवढंच विचारलं.

मी पहिल्यापासून कामाची. पासपोर्ट, पोलीस चौकशी, डॉक्टरचा दाखला, लशी, सगळ्याचा क्रम लावून घेतला. दाखल्यासाठी धुळ्याला दोनदा जावं लागलं. जळगावच्या बाजारात ऐन उकाड्यात स्वेटर मागितला तर दुकानदार म्हणाला, ताई, बरं नाही का. आईने ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, उडदाचे पापड, सगळं फडक्यात बांधून दिलं. हात सराईत चालायचे तिचे. पण बोलणं बदललं. भाजी निवडताना शेजारणीला सांगायची, तिले भरीत भलतं आवडे. मी समोर बसलेली. मी म्हणाले, आई, आवडे काय, आवडतं. ती माझ्याकडे बघायची, ओळख आठवत असल्यासारखी, आणि परत भाजी निवडायची. माझे घरातले कपडे तिने वडिलांच्या ट्रंकेत घालून ठेवले. मी म्हटलं, मला अजून महिना आहे, घालू काय, तर शेजारणीचं लुगडं आणून दिलं.

मग एका संध्याकाळी उंबऱ्याशी दोन तांबे दिसले.

मला वाटलं रागावली आहे. एकुलती एक मुलगी चालली, राग येणारच. सकाळी दोन्ही तांब्यांतलं पाणी कमी होतं. श्रावण लागलेला, हवा ओली, ऊन नाही. मी ते पाहिलं आणि सामान बांधायला बसले.

जाण्याच्या आधीच्या आठवड्यात कानबाई आली. आईने वडिलांची मूठ घेतली, मग माझ्या नावाची घेतली. अक्का म्हणून आमच्या भाऊबंदांतली वयस्कर बाई होती, ती म्हणाली, अवं, पोरीनी मूठ कोन लेस? आई म्हणाली, पोरीनी नही, जानारनी शे, म्हणजे पोरीची नाही, जाणाऱ्याची. रोट झाले, नैवेद्य झाला, आईने दोन ताटं उंबऱ्याशी नेऊन तांब्यांजवळ ठेवली आणि मला वेगळ्या पिठाची पोळी वाढली. मी हसून उठले, उंबऱ्याशी जाऊन ताटाला हात लावला, तर तिने माझं मनगट धरलं. बाई, राहू द्या, म्हणाली, ते मन्ही पोरनं शे, तिच्या पोरीचं. काय सांगू तुम्हाला, तिने मला अहो म्हटलं.

मी गेले. गेले म्हणजे जायलाच हवं होतं, तिकीट आलेलं, आणि जाऊ नको असं ती एकदाही म्हणाली नाही. तिकडे थंडी, अभ्यास, भाषा, ते सगळं झालं. केळी नाताळात दुकानात यायची आणि लोक त्यांच्यासाठी रांग लावायचे, ते बघून नानांची आठवण यायची. पत्रं नाना लिहायचे आईच्या वतीने. तब्येत बरी आहे, तुझी मूठ घेतली. दरवर्षी तेच.

तीन वर्षांनी परत आले, एरंडोलला एसटीतून उतरले, टांगा केला. आई दारातच होती. तिने तांब्या पुढे केला, उंबऱ्याशी ठेवलेला नाही, आतून दुसरा आणला. या, बसा, कोनाकडे उनात? मला विचारत होती, कोणाकडे आलात. नाना धावत आले, अहो, ही तुमचीच पोर. आईने मला वरून खाली पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाली, हां, तिन्हासारखीच दिखस.

डोकं फिरलं होतं म्हणाल, तर नाही. बाजारहाट चोख, नाती सगळी पाठ, जळगावच्या डॉक्टरांनीही काही नाही म्हणून सांगितलं. मला तिने घरात ठेवून घेतलं, जेवू घातलं, आजारपणात पाय चेपले. बाई म्हणायची. मी जळगावला नोकरीला लागले, रोज जाऊन येऊन करायचे. सुरुवातीला मी तिला खुणा सांगायचे, लहानपणी गुडघा फुटला होता त्याचा व्रण दाखवायचे. ती म्हणायची, तिन्हा बी असाच शे. पुढे मी सांगणं सोडलं. दर कानबाईला माझ्या नावाचा रोट उंबऱ्याशी, आणि मला पाहुण्याची पोळी. एकदा मागितला मी. आई, एक घास दे तुझ्या हाताने. ती कळवळली, खरंच कळवळली, म्हणाली, बाई, बठ्ठं ल्या, सगळं ल्या, पन रोट घरनाच खातस.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. शेवटी माझा हात हातात होता तिच्या. मी गयी का तिन्ही मूठ लेत जाजो, बाई. मी हो म्हणाले. तिने हात घट्ट दाबला, मुलीचा नाही, विश्वासाच्या माणसाचा दाबतात तसा.

आता मूठ मी घेते. वडिलांची, आणि आईच्या पोरीची. स्वतःच्या नावाची घेत नाही. संध्याकाळी दोन तांबे ठेवते, सकाळी पाणी कमी असतं, मी ते झाडांना घालून तांबे घासून ठेवते. कधी दिवेलागणीला रस्त्यावर पावलं वाजतात, दाराशी थांबतात, तेव्हा मी हातातलं काम चालू ठेवते. घाबरायचं काय, तिचंच घर आहे. पोरगी हुशार होती, नीटनेटकी होती, जिथे असेल तिथे बरीच असेल, सुखाने येवो.

रोट मी अजून खाल्लेला नाही. आधी घरची येऊ दे.